शाळेतल्या छळासाठी वेगळा कायदा हवाच

दांडियाबझारकर: बडोद्यातल्या एका खाजगी शाळेत सहावीत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) राखीव जागांवर गरीब घरांतून आलेल्या चार-पाच मुलांना सगळा वर्ग 'आरटीई' म्हणून हाक मारतो. नाव घेतच नाहीत. कंपासपेटी खिडकीबाहेर, डबा खायला शेजारी जागा नाही. आईबाप गेले की उत्तर ठरलेलं: "मुलं आहेत, चालायचंच. नाही पटत तर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा." शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं, पण कारवाई सेवानियमांखाली, म्हणजे शिक्षकांवर. पोरानंच पोराला छळलं तर? विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) रॅगिंगचे नियम कॉलेजांपुरते.

रावपुऱ्याच्या बाई: अकरा वर्षांच्या पोराला चौकीत बसवणार? कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही, ते बरंच आहे. काढलेलं पोर जाईल कुठं? सीबीएसईनं 2015 मध्येच अशा छळासाठी समित्या नेमायला सांगितल्यात. त्या चालवा.

दांडियाबझारकर: समितीची नावं नोटीस बोर्डावर असतात, बैठक कुणी पाहिलीय? आणि मी मुलाला शिक्षा मागतच नाही, शाळेला दंड मागतोय. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1906 ला सक्तीचं शिक्षण आणलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकांना दंड होताच की.

निवृत्त मास्तर: दंडानं मूल शाळेत आलं, पण त्याच्या शेजारी बसायला कोण तयार होतं? 1917 मध्ये परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर याच संस्थानाच्या कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. काठ्या घेतलेल्या लोकांनी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, कमाटी बागेत बसायची पाळी आली. महाराज पाठीशी असून ही गत. कायद्याचं काय घेऊन बसलात!

वाडीतली वकील: मास्तर, त्याच माणसाच्या मसुदा समितीनं घटनेत अस्पृश्यतेला गुन्हा ठरवलं. निदान त्यांचं नाव घेऊन 'कायद्यानं काय होतं' म्हणू नका.
बाकी, जातीवरून छळ असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक (ॲट्रॉसिटी) कायदा आहे, दिव्यांगांसाठी 2016 चा. गरिबीवरून चिडवणं मात्र मधल्या मध्ये लटकतं: दुर्बल घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ देऊ नका, असं शिक्षण हक्क कायद्याची कलम 8 आणि 9 सरकारला आणि स्थानिक प्राधिकरणाला सांगतात, दंड काही नाही. तरी त्याच कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या, तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो.

दांडियाबझारकर: तीन महिन्यांत सत्र परीक्षा होऊन जाते, ताई.

रावपुऱ्याच्या बाई: तोवर त्या मुलांना पुढच्या बाकावर घ्या. बाईंच्या नजरेसमोर राहतील.

दांडियाबझारकर: घेतलं होतं. त्याला आता 'आरटीई बाक' म्हणतात.