'निगमन' शब्द नेमका कसा वापरायचा? मदत हवी आहे

मंडळी, लहान बहीण परभणीत अकरावीला आहे, तर्कशास्त्र घेतलंय, अन 'निगमन' शब्दावर आम्ही दोघं दोन दिवस झाले अडकलोत. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेत, अनुमान पाच वाक्यांत मांडतेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि शेवटी निगमन, म्हणजे ते पाचवं वाक्य झालं, मग डिडक्शनलाही, म्हणजे सर्वसाधारण नियमावरून निष्कर्ष काढण्यालाही, निगमनच कसं काय म्हणतेत? मी तिला सांगितलं की मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, परभणी मराठवाड्यात आहे, म्हणून परभणीतबी असतो, हे निगमन. अन तीन वर्षं पोळ्याला पाऊस आला म्हणून यंदाबी येईल, हे विगमन (इंडक्शन), म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून अंदाज बांधणं. बरोबर आहे ना? तिनं वहीत 'पावसाचं निगमन केलं' असं लिहिलंय, ते खोडायला लावू का? प्लीज सांगा, माझ्यामुळं तिचं चुकायला नको.