मदत हवी आहे : डेटा आर्किटेक्टनं आधी काय हाती घ्यावं?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या गावातून, घरूनच काम करतो. 12 वर्षं डेटाबेस सांभाळले, आता कंपनीनं डेटा आर्किटेक्ट केलंय, म्हणजे कंपनीची सगळी माहिती कशी मांडायची नि जोडायची ते ठरवणारा. कापूस खरेदी, गोदाम, हिशोब, तिन्हींची सिस्टीम वेगळी. एकच शेतकरी एकीकडे सातबाऱ्यावरच्या नावानं, दुसरीकडे पासबुकातल्या स्पेलिंगनं, तिसरीकडे नुसता मोबाईल नंबर! वजन कुठं क्विंटल, कुठं गाठी. (170 किलोची गाठ रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची असते, शेतातून आलेल्या कापसाची नव्हे, हे पुण्यातल्या पोरांना सांगून थकलो.)

आधी मास्टर डेटा, म्हणजे शेतकऱ्यांसारखी सगळीकडे लागणारी मूळ यादी, एक करू, की ‘शेतकरी’, ‘वजन’ म्हणजे नेमकं काय, या व्याख्या पक्क्या करून घेऊ? व्याख्येवर शेवटचा शब्द कोणाचा, आयटीचा की खरेदीवाल्यांचा? साहेब म्हणतात, यासाठीचं तयार सॉफ्टवेअर टूल घेऊन टाका. मला काही पटत नाही. मोठ्या कंपनीत हे निस्तरलेल्यांनी सांगा ना भाऊ. लाईट गेली तर उत्तर उशिरा देईन.