आजच्या लॅपटॉपच्या रूपाबद्दल आपले मत काय?

प्रश्न (मुलुंड)
माझा २०१३ साली घेतलेला काळा लॅपटॉप आता थकला आहे, म्हणून गेल्या रविवारी दादरच्या एका दुकानात नवे लॅपटॉप पाहून आलो. ओळीने मांडलेली सगळी यंत्रे राखाडी आणि पातळ होती, आणि झाकणावरचे नाव झाकले तर एकापासून दुसरे ओळखू येऊ नये इतकी सारखी होती. मी दिवसभर भाषांतराचे काम करतो. जुन्या यंत्राची कळ बोटाखाली नीट खोल जाते आणि दबली हे बोटालाच कळते. नव्या यंत्रांवर मात्र टेबलावर बोटे आपटल्यासारखे वाटले. हे रूप आपणांस खरोखर आवडते का?

प्रतिसाद (ग्रँट रोड)
मी लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे मला ही यंत्रे आतूनच अधिक दिसतात. टचपॅड दबत नाही अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते, तळाचे झाकण उघडावे तर बॅटरी उशीसारखी फुगून टचपॅडला खालून रेटत असते. पूर्वी खटका सरकवला की बॅटरी हातात येत असे. आता बऱ्याच यंत्रांत ती चिकटवलेली असते आणि रॅमही (चालू कामाची तात्पुरती स्मृती) मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट-पाटीवर, झाळलेली असते, म्हणजे पुढे वाढवण्याची सोय नाही. उघडता न येणाऱ्या वस्तूला सुंदर म्हणायला माझे मन तयार होत नाही.

प्रतिसाद (पवई)
मी उत्पादन-डिझाइन शिकवते आणि पातळपणाची बाजू मांडू इच्छिते. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये बॅग छातीशी धरून उभे राहिले, की तीन किलो आणि सव्वा किलो यांतला फरक खांद्याला कळतो. २००८ च्या जानेवारीत ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवला आणि त्याच वर्षी ॲपलने ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली चौकट लॅपटॉपसाठी आणली. बिजागरीपाशी तडकणाऱ्या प्लास्टिकच्या तुलनेत ती कमी जाडीतही ताठ राहते. माझा आक्षेप आहे तो इतरांनी पुढे केलेल्या अनुकरणाला. पूर्वी असे नव्हते. १९९२ चा आयबीएमचा थिंकपॅड डिझायनर रिचर्ड सॅपर यांच्या कल्पनेतून आला. जपानी बेंटो डब्यासारखा साधा काळा चौकोन आणि उघडल्यावर कळांच्या मधोमध, पडद्यावरचा बाण हलवणारा लाल ठिपका. ॲपलच्याच १९९९ च्या आयबुकला उचलायला मूठ होती आणि तो नारिंगी व निळ्या रंगांत मिळत असे. दोन्ही लॅपटॉप दुरूनही ओळखू येत. पातळपणाचा हट्ट सोडता येतो, हेही खरे: २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून काढून टाकलेली एचडीएमआय (बाहेरचा पडदा जोडण्याची) आणि मेमरी कार्डाची खाच ॲपलने २०२१ मध्ये परत दिली, आणि त्यासाठी यंत्र थोडे जाड झाले तरी चालवून घेतले.

प्रश्नकर्ता (मुलुंड)
मॅडम, लोकलचा मुद्दा मान्य आहे. मीही रोज तोच प्रवास करतो. दादा, बॅटरीबद्दल सांगितलेत ते फार उपयोगी पडले, आता तळाचे स्क्रू पाहिल्याशिवाय यंत्र घेणार नाही. येत्या शनिवारी एक मराठी उतारा सोबत नेऊन प्रत्येक यंत्रावर दहा मिनिटे टाइप करून पाहणार आहे. चौदा इंची यंत्रांपैकी कळा खोल दबणारी आणि रॅम बदलता येणारी कोणती आहेत, हे कोणी स्वतःच्या वापरावरून सांगू शकेल का?