थॅलेसेमिया: १८ नंतर कुठले डॉक्टर?

प्रश्न: लेकीला थॅलेसेमिया मेजर (रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार), दर ३ आठवड्यांनी रक्त चढवतो. आता १८ पूर्ण होतील तर लहान मुलांचे डॉक्टर म्हणतात मोठ्यांच्या हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे) जा, पण ती त्या वॉर्डला घाबरते, काय करू?

उत्तर: ताई, एकदम नका पाठवू. आमचा पोरगा १५ पासूनच डॉक्टरांशी एकटा बोलायचा, मी बाहेर बाकावर (जीव टांगणीला!). फेरिटिनचे (शरीरात साठलेल्या लोहाचे) रिपोर्ट, हृदयाचा एमआरआय, चढवलेल्या रक्ताविरुद्ध झालेल्या अँटीबॉडीची नोंद सगळं एका फाइलीत लावा.

उत्तर: मी स्वतः पेशंट. खरा घोळ गोळ्यांचा होतो, आई आठवण करायची थांबली की डेफेरासिरॉक्स (लोह बाहेर काढणारी गोळी) राहून जाते आणि चढवलेल्या रक्तातलं लोह साठत जातं, लगेच त्रास नसतो म्हणून कळतच नाही. यूडीआयडी कार्डपण (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे.

प्रश्नकर्ती: गोळ्यांचा अलार्म आजच तिच्याच मोबाइलवर लावायला सांगते.