सोसायटी ग्रुप, इंदूर: सरकारी कार्डावर अ‍ॅलर्जीचा डॉक्टर कुठे मिळेल?

सी-१०२: नमस्कार मंडळी. अ‍ॅलर्जी-इम्युनॉलॉजीचा असा डॉक्टर हवाय, जो सरकारी कार्डावर बघेल. मुलगा ९ वर्षांचा. सकाळी उठल्यापासून शिंका, रात्री छातीत शिट्टी वाजते. सासऱ्यांचं (वय ७२) आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, आणि ह्यांच्या पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापतात. आयुष्मानच्या साइटवर अ‍ॅलर्जी शोधलं तर काहीच येत नाही.

ए-४०१: वहिनी, येणारच नाही. आयुष्मानच्या विभागांच्या यादीत अ‍ॅलर्जी नावाचा विभागच नाही. दम्याचा रुग्ण भरती झाला तर मोठ्यांसाठी जनरल मेडिसिन, लहान मुलांसाठी पीडियाट्रिक, आणि नाकातले मस्से किंवा सायनसचं ऑपरेशन असेल तर ईएनटी. साइटवर राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर निवडा आणि यातला विभाग टाका, मग नावं दिसतील.

पण त्याआधी दोन गोष्टी. एक, आजोबांच्या वय वंदना कार्डावर नातवाचा इलाज होत नाही. ते फक्त ७० आणि त्यावरच्यांसाठी. दोन, आयुष्मान हे भरती होण्याचं कार्ड आहे. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख, भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे (डिस्चार्जनंतरचे) १५ दिवस धरून. ओपीडीत डॉक्टरला दाखवणं, अ‍ॅलर्जीची टेस्ट, महिन्याचा इनहेलर यात बसत नाही. अ‍ॅलर्जीचं बहुतेक काम ओपीडीतच असतं, म्हणून लोक कार्ड घेऊन फिरतात आणि हिरमुसून परत येतात.

डी-३०१: म्हणजे तुमच्या मुलासाठी कामाचं कार्ड ईएसआयसीचं. त्यात ओपीडी, तपासण्या, औषधं सगळं येतं, आणि बायको-मुलांसोबत अवलंबून असलेले आई-वडीलसुद्धा येतात. वाट अशी:

आधी ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड काढून बघा. त्यावर मुलाचं नाव आहे का आणि डिस्पेन्सरी कुठली लिहिली आहे. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते, कारण नोकरी लागताना एचआरने फक्त कर्मचाऱ्याचं नाव भरलेलं असतं. नाव नसेल तर एचआरला सांगून आधारसकट घालून घ्या. डिस्पेन्सरी लांबची पडली असेल तर बदलून मिळते.

मग त्याच डिस्पेन्सरीत जा. तिथून रेफरल, पुढे नंदानगरचं ईएसआयसी हॉस्पिटल. तिथल्या तज्ज्ञाला वाटलं की ही सोय आपल्याकडे नाही, तर तेच करारातल्या खाजगी हॉस्पिटलला पाठवतात. आपण आधी खाजगीत जाऊन मागाहून बिल लावलं तर पैसे अडकतात. हा क्रम मोडू नका.

सी-१०२: दादा, ह्यांचा पगार पुढच्या महिन्यापासून २१,००० च्या, म्हणजे ईएसआयसीच्या मर्यादेच्या वर जातोय. मग बंद?

डी-३०१: लगेच नाही. कपातीचे दोन सहामाही असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत कपात होत राहते, आणि त्या कपातीचा लाभ पुढेही काही महिने चालतो. त्या मुदतीत टेस्ट उरकून घ्या.

बी-२०३: आता डॉक्टरबद्दल. आपल्याकडे अ‍ॅलर्जी ही स्वतंत्र एमडीची शाखा म्हणून फारशी नाहीच. बहुतेक ठिकाणी छातीचे डॉक्टर, ईएनटी, त्वचारोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलर्जीचं वेगळं शिक्षण घेऊन हे काम करतात. त्यामुळे काउंटरवर "अ‍ॅलर्जीवाले डॉक्टर आहेत का" विचारलं की "नाही" ऐकायला मिळतं. विचारा: "तुमच्या छाती विभागात किंवा ईएनटीत स्किन प्रिक टेस्ट होते का, आणि कुठल्या वारी?" मुलासाठी सुरुवात बालरोगतज्ज्ञाकडूनच. पाटीवरच्या पदव्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या रजिस्टरमध्ये तपासता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

इम्युनॉलॉजिस्ट ही वेगळीच गोष्ट. मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार वेळा कान फुटणं, दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक नाही, असं असेल तर प्रतिकारशक्तीचा आजार शोधावा लागतो. त्यासाठी मोठ्या संस्था, जसं चंदीगडचं पीजीआय. नुसत्या शिंका आणि शिट्टीसाठी तिकडे जायची गरज नाही.

सी-१०२: ताई, एक लॅबवाला घरी येऊन ‘फुल अ‍ॅलर्जी पॅनल’ करतो म्हणतोय. करून टाकू?

बी-२०३: नको. अशा पॅनलमध्ये पुष्कळदा रक्तातली आयजीजी नावाची अँटिबॉडी मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ पोटात गेलाय एवढंच, अ‍ॅलर्जी नव्हे. मग कागदावर गहू, दूध, तूर लाल रंगात येतात आणि मुलाचं जेवण उगाच बंद होतं. आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंध असलेली अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आला तरी तो लक्षणांशी जुळायला हवा, नाहीतर त्याला अर्थ नाही. आधी डॉक्टर, मग त्याने सांगितलेल्याच ५-१० गोष्टींची टेस्ट.

प्रिक टेस्ट अशी होते: हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा, प्रत्येक खुणेवर एक थेंब (धुळीतले किडे, गाजरघास, झुरळ, बुरशी वगैरे), त्यावर बारीक सुईची टोच. रक्त येत नाही. सोबत तुलनेसाठी एक हिस्टामिनचा (यावर फोड यायलाच हवा) आणि एक सलाइनचा (यावर येऊ नये) थेंब. १५-२० मिनिटांनी फोड मोजतात. सलाइनच्या फोडापेक्षा ३ मिलिमीटर मोठा तो पॉझिटिव्ह. हिस्टामिनवर फोडच आला नाही तर सगळी टेस्ट बाद, आणि असं होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: सर्दीची गोळी. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन ५ ते ७ दिवस आधी थांबवावं लागतं. कफ सिरपमध्येही हेच लपलेलं असतं, बाटलीवरचं नीट वाचा. इनहेलर मात्र थांबवायचा नाही. दमा भडकलेला असेल त्या दिवशी टेस्ट करत नाहीत.

आणि शिट्टी वाजते म्हटलंत म्हणून: प्रिक टेस्टच्या आधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची टेस्ट) सांगतील, ती महत्त्वाची. ९ वर्षांचं मूल नीट फुंकू शकतं. सालब्युटामॉलच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) आधी आणि नंतर फुंकायला लावतात, आकडा १२ टक्क्यांनी सुधारला तर दम्याकडे बोट जातं.

बी-५०४: आमच्या कामवाल्या मावशींकडे आयुष्मान आहे, ईएसआयसी नाही. त्यांना खोकला-दम आहे. त्यांनी काय करावं?

ए-४०१: ओपीडीसाठी सरळ एमवाय (महाराजा यशवंतराव सरकारी हॉस्पिटल). छाती विभागाची पर्ची काढायची, किरकोळ पैसे लागतात. मुलांसाठी त्याच परिसरात चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. पर्चीच्या रांगेत आभा क्यूआर दिसेल. आभा आणि आयुष्मान एक नव्हेत, हा गोंधळ फार आहे. आभा म्हणजे तुमच्या आरोग्य-अकाउंटचा १४ आकडी नंबर, त्याने इलाज फुकट होत नाही.

धाप लागून भरती करायची वेळ आली तर आयुष्मान लावायचं. आधी आयुष्मान मित्राच्या (हॉस्पिटलमधला या योजनेचा मदतनीस) टेबलावर आधार आणि कार्ड द्या, अंगठा लागेल, मंजुरी येईल. यादीतलं हॉस्पिटल कार्डधारकाकडून अनामत मागू शकत नाही. मागितली तर तिथूनच १४५५५ लावा, घरी येऊन नाही. सुट्टीच्या वेळी १५ दिवसांची औषधं मागून घ्या. मागितली नाहीत तर पुष्कळदा बाहेरून घ्यायला लावतात.

ए-१०३: केंद्राची पेन्शन असलेल्यांनीही लक्षात घ्या, ७० च्या वर असाल आणि सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर वय वंदना घेताना दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. सीजीएचएसमध्ये ओपीडी आहे, म्हणून अ‍ॅलर्जी-दम्यासाठी तेच सोयीचं. ७० नंतर यादीतल्या तज्ज्ञाला रेफरलशिवाय दाखवता येतं. ईएसआयसी किंवा खाजगी विमा असेल तर मात्र वय वंदना त्याच्यासोबत चालतं.

सी-१०२: ताई, इंजेक्शनचा कोर्स सांगितला तर?

बी-२०३: इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचेच थोडे-थोडे डोस टोचून शरीराला सवय लावणं. ३ ते ५ वर्षं चालते, सुरुवातीला दर आठवड्याला. दम्याचा जोर आटोक्यात आल्यावरच सुरू करतात. प्रत्येक टोचणीनंतर ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं, कारण रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा त्याच अर्ध्या तासात येते, आणि जिथे अ‍ॅड्रेनालिनची (जोरदार रिअ‍ॅक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन) तयारी नाही तिथे टोचून घ्यायचंच नाही. बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर राहते. हा ओपीडीचा खर्च, तेव्हा ईएसआयसीतून मिळेल का हे नंदानगरच्या तज्ज्ञाकडून लेखी घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी कोर्स अर्धवट सुटतो.

सी-१०२: ई-पहचान आत्ताच उघडलं. मुलाचं नाव नाहीच त्यात! उद्या एचआरला आधार पाठवते.

डी-३०१: आणि नाव चढल्याचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय डिस्पेन्सरीत जाऊ नका.

बी-२०३: तोवर त्याची सर्दीची गोळी स्वतःहून बंद करू नका वहिनी. टेस्टची तारीख हातात आली की मागे ७ दिवस मोजा आणि डॉक्टरला विचारूनच थांबवा.