मदत हवी आहे: विहीण आणि व्याही एकाच गाडीत, सोलापूर ते हैदराबाद. उत्तरार्धात त्यांना एकत्र कसं ठेवू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचा हौशी नाटकवाल्यांचा गट आहे. यंदा पहिल्यांदाच सिनेमाची पटकथा लिहायला घेतली आहे. दीडेक तासाचा विनोदी प्रवासपट, आणि लिखाण माझ्याकडे आहे. पूर्वार्ध झालाय, उत्तरार्धात गाडं अडलंय. पटकथेची जाण असणाऱ्यांची मदत हवी आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या लोकांचीही.

गोष्ट अशी. मुलगा मराठी, मुलगी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली. दोघंही हैदराबादला नोकरीला, लग्नही तिथेच. वऱ्हाड आदल्या दिवशीच हुसेनसागर एक्सप्रेसने पुढे गेलंय. मागे राहिलेत दोघंच: मुलाची आई आणि मुलीचे वडील. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, कुठे किती मिनिटं थांबायचं ते वहीत लिहून निघालेल्या. व्याही जन्मभर यंत्रमागावर जॉबर (माग लावून देणारे, दुरुस्त करणारे) होते, आता चादरी-टॉवेल विकतात आणि त्या रस्त्यावरच्या निम्म्या धाबेवाल्यांना नावानिशी ओळखतात. त्यांची जुनी ओम्नी, मागे मुलीकडच्यांनी हौसेने केलेलं रुखवत आणि चादरींचे गठ्ठे. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. अंतर सुमारे ३०० किलोमीटर.

व्याही मागे का राहिले, याचं कारण पक्कं आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो आणि रथ सोडून ते गावाबाहेर पाऊल टाकणार नाहीत. (ज्यांनी तो रथ पाहिलाय त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.) बाईंच्या भावाला चालता येत नाही, त्याला राखी बांधून मगच त्या निघतात. भांडणाची पहिली ठिणगी इथेच पडते. चातुर्मासात लग्न, हेच बाईंना मुळात पटलेलं नाही. तेलुगू घरांत आषाढ टाळतात, पण श्रावण लग्नाला चांगला मानतात. म्हणजे आपापल्या रीतीप्रमाणे दोघंही बरोबर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. न जुळणाऱ्या जोडीच्या सिनेमात एक शहाणा आणि एक बावळट असला की दहा मिनिटांत गंमत संपते. दोघांचंही खरं असलं तरच भांडण टिकतं.

आता अडचण. या जातीचे सिनेमे पुन्हा बघताना मी एकच गोष्ट तपासत होते: हे दोघं वेगळे का होत नाहीत? १९८७चा 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' घ्या. शिकागोला निघालेलं विमान हिमवादळामुळे भलत्याच गावी उतरतं, सणासाठी घरी पोचायची घाई असते आणि मिळेल त्या वाहनाला लटकणं भाग पडतं. त्यातला जोडीदार बाथरूमच्या पडद्यांच्या कड्या विकणारा फिरता विक्रेता आहे. आमचे चादरवाले व्याही सुचले ते त्याच्यावरूनच, हे मोकळेपणाने सांगते. 'पिकू'मध्ये त्या बापलेकीला घेऊन जायला एकही ड्रायव्हर राजी नसतो, म्हणून टॅक्सी कंपनीचा मालकच गाडी काढतो. 'नवरा माझा नवसाचा'मध्ये तर नवसच आहे, तो फेडल्याशिवाय सुटका नाही.

आमच्याकडे हिमवादळ नाही, पण मानपान आहे. नवी सोयरीक, त्यामुळे पूर्वार्धात दोघांनाही तोंड उघडता येत नाही. बाई म्हणतात, "जरा वेगात घेतलीत तर बरं होईल." ते म्हणतात, "हो हो, विहीणबाई," आणि पुढच्याच धाब्यावर गाडी वळवतात. समोर आलेला चहा नाकारला तर व्याह्यांचा अपमान, म्हणून बाई पितात. नळदुर्गला बोरी नदीला पाणी आलेलं असतं, किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि व्याही हट्टाने त्यांना आत घेऊन जातात. तासभर तिथेच जातो. बाई भिजत उभ्या राहून "छान आहे" म्हणतात. हा प्रसंग वाचनात सगळ्यांना आवडला.

उमरगा मागे पडतं, गाडी कर्नाटकात शिरते आणि हुमनाबादच्या बसस्थानकासमोर सगळं बाहेर येतं. पंचांग, हुंडा न घेतल्याचा तोरा, त्यांनी मुलीला किती शिकवलं, हिने सुनेला अजून नावानेही हाक मारलेली नाही, सगळं. तिथे विनोद थांबवायचा, हे माझं ठरलंय. वरच्या इंग्रजी सिनेमातही लॉजच्या खोलीत एक जण वाट्टेल ते बोलतो आणि दुसरा ते शांतपणे ऐकून घेऊन उत्तर देतो. तेव्हापासून आपण त्या विक्रेत्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

पण हे भांडण झालं की मानपान संपला. समोरच हैदराबादची बस उभी आहे. मग बाई त्यात का बसत नाहीत? मोबाइलची बॅटरी संपली, रेंज गेली, टायर पंक्चर झाला, असली कारणं मला नकोत. ती प्रेक्षकाला लगेच कळतात.

दुसरी मदत भाषेची. रागावलेले व्याही तेलुगूत काय बोलतील? हैदराबादची नको, आपल्या पूर्व भागातल्या घरांत ऐकू येते तशी मराठी मिसळलेली हवी. त्यांच्या उच्चारांवर हशा काढणारं एकही वाक्य पटकथेत ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. हसू यावं ते त्यांच्या बोलण्यातल्या हुशारीवर.

भर: प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. दागिन्यांचा डबा गाडीत राहण्याची कल्पना तिघांनी दिली, पण त्यासाठी बाई डब्यापाठोपाठ जातील, माणसापाठोपाठ नाही. मोतीबिंदूची सूचना मात्र मनात घर करून बसली आहे. रात्र, पाऊस, समोरच्या ट्रकचे दिवे, आणि व्याह्यांना रस्ता धड दिसत नाही. कन्यादानाला मुलीचा बाप हवाच. तो हुमनाबादला अडकला तर बाई एकट्या पोचून उपयोग काय? आणि बाईंना गाडी येते, फक्त ते त्यांना कुणी विचारलेलंच नाही. म्हणजे झहीराबादपासून पुढे स्टिअरिंगवर त्या आणि शेजारी रस्ता सांगायला ते.

आता प्रश्न एवढाच. त्यांच्या डोळ्यांचं प्रेक्षकाला सोलापूर सोडतानाच कळू द्यायचं, की बाईंबरोबर हुमनाबादला? आधी कळलं तर नळदुर्गला उशीर होताना रात्रीची धास्ती वाटेल, पण बसस्थानकावरचा धक्का जाईल. ज्यांनी असे प्रसंग लिहिलेत किंवा बसवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढचं वाचन रविवारी आहे, तोवर दोन्ही तऱ्हांनी लिहून बघते.