पिकअपच्या हौद्याला कव्हर कुठलं घ्यावं? कडक, घडीचं की गुंडाळीचं?

रानवाट:
डबल कॅब पिकअप घेतली आहे. हौदा आतून जेमतेम दीड मीटर. मी लाकडी फर्निचर बनवून घरोघरी बसवून देते, त्यामुळे मागे कायम हत्यारं, प्लायच्या पट्ट्या आणि तयार खण असतात. प्लायला पाणी लागलं की कडा फुगतात आणि सगळं काम परत करावं लागतं. निम्मा रस्ता कच्चा, म्हणजे धूळही आलीच. अधूनमधून उभं कपाट न्यायचं असतं, तेव्हा कव्हर पूर्ण निघायला हवं आणि ते मला एकटीला काढता यायला हवं.

अजून दोन गोष्टी. गाडीला कंपनीचा रोल बार आहे, म्हणजे केबिनच्या मागे हौद्यावर उभी असते ती कमान. हौद्यात प्लास्टिकचा लायनर आहे, काठावरून बाहेर वळलेला. बजेट मऊ कव्हरापुरतंच आहे, कडक त्यात बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. काय घ्यावं?

नटबोल्ट:
ताई, तीन घड्यांचं कडक घ्या आणि विषय संपवा. माझं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आहे, आत फोमचा थर. वर गारा पडल्या, झाडाची फांदी पडली, पोचासुद्धा आला नाही. एक घडी, दुसरी घडी, पट्टा अडकवला की झालं. मऊ कव्हरात घातलेले पैसे वाया जातात, कारण शेवटी माणूस कडकवरच येतो. थोडं थांबा, पैसे जमवा, पण घ्याल ते चांगलंच घ्या.

डिझेलधूर:
नटबोल्ट यांना +१. कडकच. शिवाय डिझेल वाचतं ते वेगळंच. कव्हर नव्हतं तेव्हा लांबच्या प्रवासाला मी हौद्याचा मागचा फाळका पाडून चालवायचो, हवा सरळ निघून जाते. आता तीही गरज उरली नाही.

हिशेबी:
फाळका पाडला की डिझेल वाचतं हा जुना गैरसमज आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि तिथेच फिरत राहतो. टपावरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत मागे जाते. फाळका पाडल्यावर तो भोवरा मोडतो आणि गाडीला मागे खेचणारी हवेची ओढ बहुतेक वेळा वाढते. कव्हरने ओढ थोडी कमी होते, हे खरं. पण रोजच्या चालवण्यात तो फरक टायरमधली हवा कमीजास्त असण्यातच बुडून जातो. डिझेलसाठी म्हणून कव्हर घेऊ नये.

डिझेलधूर:
गाडी मी चालवतो, अ‍ॅव्हरेज मला दिसतं. कागदावरचे भोवरे मला सांगू नका.

हिशेबी:
टाकी काठोकाठ भरा, त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने दोन्ही प्रकारे चालवून बघा आणि आकडे इथे टाका. डॅशबोर्डवरचा आकडा नको, भरलेलं डिझेल मोजा.

शटरवाला:
सरकतं कव्हर कुणीच कसं सुचवलं नाही? अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटर, केबिनच्या मागे डब्यात गुंडाळलं जातं. एका हाताने ओढायचं, हवं तिथे थांबवायचं, किल्ली फिरवायची. घड्या नाहीत, पट्टे नाहीत. माझ्या गाडीलाही रोल बार आहे, काही अडलं नाही. ज्याने ज्याने बघितलं त्याने कुठून घेतलं ते विचारलं. महाग आहे, पण वस्तू तशी आहे.

मातीचा_रस्ता:
शटरवाले, तो डबा हौद्याच्या पुढच्या बाजूची जागा खातो हेही सांगा ना. दीड मीटरच्या हौद्यात ते जाणवतं. त्यात डब्यातलं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने आणि मातीने तुंबतात. तुंबल्या की पाणी सामानावर. दर पावसाळ्याआधी तार घालून त्या साफ कराव्या लागतात.

रानवाट, तुमच्या धुळीबद्दल. कच्च्या रस्त्यावर गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ फाळक्याच्या फटींतून आत ओढली जाते. वरून कितीही महागाचं झाकण घाला, धूळ मागून येतेच. एक करून बघा. रात्री हौद्यात जोरदार टॉर्च लावून ठेवा, फाळका बंद करा आणि बाहेरून खाली वाकून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून धूळ येणार आणि तिथूनच पाणी. दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी, खालची आडवी फट आणि बिजागरीजवळचा कोपरा, या जागा बहुतेक गाड्यांना असतात. तिथे पोकळ गोल कडेची ईपीडीएम रबराची पट्टी लावायची. आधी पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करा, पट्टी न ताणता बसवा. ताणून लावली की काही दिवसांत आखडून कोपऱ्यात फट पडते. कव्हर कुठलंही घ्या, हे आधी करा.

शटरवाला:
नळ्या तुंबतात त्या न धुणाऱ्यांच्या. माझ्या कधी तुंबल्या नाहीत.

फायबरप्रेमी:
एकसंध फायबरचं झाकण. गाडीच्याच रंगात रंगवून मिळतं, गॅसच्या दांड्यांवर डिकीसारखं उघडतं. दिसायला याच्या जवळपास काही जात नाही. पाणीही सगळ्यात कमी जातं, कारण वर सांधाच नाही. काढायला दोन माणसं लागतात, पण काढायचंच कशाला?

रानवाट:
सगळ्यांचे आभार. पण कपाट उभं न्यायचं असतं हो, म्हणून काढायचं. आणि मी एकटी असते. बजेटही तेच आहे, मऊ कव्हरापुरतं. टॉर्चचा प्रयोग आज रात्रीच करते. रोल बार आणि लायनर यांचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

नटबोल्ट:
रोल बार काढून टाका. नुसती शोभा असते ती. मग कुठलंही कडक कव्हर बसेल.

फायबरप्रेमी:
शोभा तर शोभा. चांगली दिसणारी गाडी बोडकी करायला कशाला सांगता?

जुना_पाना:
रोल बारवर भांडू नका. त्यांना उभी फळी टेकवायला आणि बांधायला तो बार उपयोगी आहे, राहू द्या. नुसतं कव्हर घेताना रोल बारसाठी कापलेलं आहे ना, ते बघायचं.

खरी अडचण लायनरची आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. घडीची आणि गुंडाळीची बहुतेक कव्हरं काठाच्या आतल्या ओठाला क्लॅम्पने पकडतात. लायनर काठावरून वळलेला असला की क्लॅम्प पत्र्याला न लागता प्लास्टिकवर बसतो. प्लास्टिक दबतं, सरकतं, आणि कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी क्लॅम्प सैल होतो. मग माणूस पाना घेऊन आणखी आवळतो, आणि शेवटी कव्हर ज्यावर बसतं ती रेलच वाकते. उपाय दोन. क्लॅम्पच्या जागी लायनर कापून पत्रा मोकळा करायचा, किंवा लायनर काढून फवाऱ्याचं कोटिंग करून घ्यायचं. कापलात तर खाच सरळ ठेवा आणि कोपरा गोल करा, नाहीतर तिथून तडा जातो.

लायनर एकदा उचलून खाली बघाच. त्याच्याखाली वाळू आणि ओल अडकते, रंग घासला जातो आणि गंज तिथून सुरू होतो. वरून काही दिसत नाही.

माप घेताना फाळका बंद करून, केबिनकडच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून फाळक्याच्या आतल्या कडेपर्यंत घ्या. गाडीचं नाव सांगून मागवू नका. टोयोटाच्या हायलक्सला ए-डेक आणि जे-डेक असे दोन वेगळे हौदे येतात, फोर्डच्या एफ-१५० ला साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी. नाव तेच, कव्हर वेगळं. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसले तर हौदा कुठेतरी ओढला गेलाय आणि कडक कव्हर कधीच नीट बसणार नाही.

निळी_गाडी:
माझं गुंडाळीचं मऊ कव्हर आहे, तुमच्या बजेटमधलंच, म्हणून सांगतो. थंडीत रेक्झिन आखडतं, कडेची वेल्क्रो जुळत नाही, दोन्ही हातांनी ओढत बसावं लागतं. उन्हात तेच सैल पडतं आणि मध्ये पाण्याचं तळं साचतं. ताण कमीजास्त करायचा स्क्रू असतो, तो ऋतूप्रमाणे फिरवावा लागतो. दुकानदाराने चकाकीसाठी तेलकट पॉलिश दिलं होतं, त्याने रेक्झिन चिकट झालं आणि त्यावर धूळ बसली. पाण्याच्या बेसचं वापरा. कव्हर आहे तेवढ्या पैशांत बरं. पण वर म्हटल्याप्रमाणे धूळ मागून येतेच, आणि लायनर असेल तर क्लॅम्प सरकतो.

डिझेलधूर:
मऊमध्येही ते इलॅस्टिक दोरीचं, बाहेरच्या हुकांना अडकवायचं असतं ते मात्र चुकूनही घेऊ नका. हायवेला असं फडफडतं की डोकं उठतं.

नटबोल्ट:
+१. ते म्हणजे ताडपत्रीच.

कुलूपकिल्ली:
चोरीबद्दल कुणीच बोललं नाही. मऊ कव्हर ब्लेडने कापता येतं, ते एक. पण कडक कव्हरवालेही ऐका: फाळक्याला कुलूप नसेल तर तुमच्या कव्हरच्या कुलपाला काही अर्थ नाही. फाळका पाडला की आत हात जातो. पुष्कळ गाड्यांचा फाळका सेंट्रल लॉकमध्ये नसतो, आधी आपला तपासा. आणि फाळका ज्या बाजूने तिरका करून बिजागरीतून उचलून काढता येतो, त्या बिजागरीभोवती पाइपाला लावतात तो स्टीलचा पट्टीक्लॅम्प आवळून टाका. मग तो सहजी निघत नाही. माझ्या ओळखीत एकाचा अख्खा फाळकाच गेला.

शटरवाला:
माझं शटर फाळक्यालाच दाबून बसतं. तो प्रश्न येत नाही.

हिशेबी:
होंडाच्या रिजलाइन पिकअपला हौद्याच्या तळातच कुलपाची डिकी आहे, २००६ च्या पहिल्या मॉडेलपासून. बाकीच्या कंपन्यांनी ते का उचललं नाही, मला कळत नाही.

डिझेलधूर:
त्यांनी गाडी घेतलेली आहे, आता दुसरी घ्यायला सांगताय?

जुना_पाना:
एक महत्त्वाचं राहिलं. तुमच्या कामात थिनर, पॉलिश, चिकटवण्याचे डबे असणार. झाकलेल्या हौद्यात वाफा कोंडतात. झाकणं घट्ट लावून, डबे उभे बांधून न्या आणि पोचल्यावर कव्हर उघडून थोडा वेळ थांबा, मग हत्यार चालू करा. पेट्रोलचा कॅन आणि गॅसचा सिलिंडर बंद कव्हराखाली नकोच. आणि कव्हर सामान धरून ठेवत नाही, आतल्या कड्यांना पट्टा बांधायलाच हवा. जोरात ब्रेक लागला की करवतीचा डबा केबिनच्या भिंतीवर येतो.

रानवाट:
घेतलं एकदाचं. दोरीचं आणि बाहेरच्या हुकांचं कॅनव्हास कव्हर घेतलं, रोल बारच्या पायांसाठी कापलेलं. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, म्हणून कारण सांगते.

त्याला क्लॅम्पच नाही, त्यामुळे लायनर कापायचा प्रश्न मिटला. माझ्या गाडीला बाहेरून हुक होतेच. कव्हर हौद्याच्या काठावरून बाहेर उतरतं, म्हणून वरचं पाणी बाहेरच्या बाजूने गळतं. क्लॅम्पवाली कव्हरं काठाच्या आत बसतात, त्यांना ते पाणी रबरावर अडवावं लागतं. मध्ये वाकवलेली एक नळी आडवी टाकली आहे, पाणी साचत नाही. कपाटाच्या दिवशी दोरी सोडायची, गुंडाळी करायची आणि सीटमागे टाकायची. हे मी एकटी करते.

फाळक्याला रबराची पट्टी लावली. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा खालच्या फटीतून जमिनीवर उजेडाची सरळ रेघ पडली होती, पट्टीनंतर ती गेली. बिजागरीच्या कोपऱ्यात अजून ठिपका दिसतो. मग पाइपाने पाणी मारून आत कागद अंथरून बघितलं. कागद रोल बारच्या पायांपाशी भिजला, बाकी कोरडा. म्हणून प्लाय दोन पट्ट्यांवर उचलून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मधोमध ठेवते. हत्यारांसाठी वाचलेल्या पैशांत कुलपाची लोखंडी पेटी घेऊन तळाला बोल्ट केली. लायनर उचलला तर खाली खरंच वाळूचा थर होता, धुऊन वाळवून परत बसवला.

नटबोल्ट:
तुमचे पैसे, तुमची मर्जी. पण बघा, कडकवर याल.

डिझेलधूर:
हायवेला फडफडतं की नाही ते खरं सांगा.

रानवाट:
फडफडत होतं, पुढच्या बाजूला. केबिनकडची दोरी एका हुकाने आखूड केली आणि थांबलं.

मातीचा_रस्ता:
चांगलं केलंत. आता दोरी आणि कॅनव्हास जिथे रंगावर टेकतात तिथे पारदर्शक फिल्म चिकटवा, आणि दर आठवड्याला कड उचलून धूळ धुऊन टाका. कापडाखालची बारीक माती सँडपेपरचं काम करते.

कुलूपकिल्ली:
पेटीचे बोल्ट खालून कुणालाही खोलता येतील. नट पेटीच्या आत येतील असे उलटे टाका, म्हणजे गोल डोकं खाली राहील.

रानवाट:
हे लक्षात आलं नव्हतं. उद्याच उलटे करते.

घाटमाथा:
धागा वाचून तेच कव्हर घ्यायचा विचार आहे, पण माझ्या गाडीला हुक नाहीत. रिव्हेट मारून बसवता येतात का?

जुना_पाना:
येतात. आधी आतून हात घालून बघा, मागच्या दिव्यांची वायर कुठून जाते ते. भोक पाडल्यावर उघड्या पत्र्याला लगेच गंजरोधक प्रायमर लावा आणि हुकाखाली रबराचा वायसर घाला. नवीन गाडी असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचा.